पुलाच्या आत अंधार, टोकाला उजेड

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये लेकीकडे बॉस्टनला जाते आहे. तिथून गाडीने जाऊन न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या दोन राज्यांच्या सीमेवरच्या नदीवरचा कॉर्निश-विंडसरचा छपराचा लाकडी पूल बघायचा बेत आहे. अशा पुलांचे फोटो बाहेरून सगळे एकसारखेच दिसतात. आतून काढलेल्यांत एक तर लाकूड काळंठिक्कर, नाहीतर टोकाची चौकट पांढरीफटक. माझ्याकडे मोबाइल आणि साधा मिररलेस कॅमेरा आहे. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आधी आत जा. पानगळीचे रंग आणि पुलाची लांबलचक बाजू सगळेच टिपतात, तुम्हीही टिपा. पण या पुलाचा जीव आतल्या लाकडात आहे. छप्पर घातलं ते माणसं भिजू नयेत म्हणून नव्हे. पूल पेलणारा लाकडी सांगाडा उघड्यावर राहिला, की सांध्यांत पाणी मुरतं आणि तो थोड्याच वर्षांत कुजतो. कोरडा राहिला तर शंभरी सहज ओलांडतो. हा पूल १८६६चा आहे, सुमारे साडेचारशे फूट लांब, दोनच गाळ्यांचा, आणि आजही त्यावरून मोटारी जातात!

आतल्या दोन्ही बाजूंना तिरक्या लाकडांची जाळी दिसेल. तिचं मूळ इथिएल टाउन या वास्तुविशारदाच्या १८२०च्या पेटंटमध्ये आहे. त्याने फळ्या वापरल्या होत्या. इथे जाडजूड चौकोनी तुळया खाचा पाडून एकमेकींत बसवल्या आहेत. अशी एक खाच अगदी जवळून घ्या. लाकडाच्या रेषा, कडेची चीर, दोन तुळया एकमेकींना कशा धरून आहेत, हे सगळं त्यात येऊ द्या. मला विचाराल तर हाच फोटो घरी भिंतीवर लावण्याजोगा.

आता उजेडाचं. टोकाच्या दाराकडे कॅमेरा रोखला, की आतला अंधार आणि बाहेरचं ऊन दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. म्हणून दारातून चार पावलं आत जा आणि दाराकडे पाठ करा. मागून येणारा उजेड भिंतीवर तिरका पडतो आणि जाळी उठून दिसते. मोबाइलवर लाकडाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग उजेड किंचित कमी करा. कॅमेऱ्यात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ते १६०० ठेवा, कोपर भिंतीला टेकवा. फ्लॅश नको, त्याने जवळचं लाकूड सपाट दिसतं आणि मागचं सगळं काळोखात जातं.

टोकाची चौकट हवीच असेल तर ढगाळ हवा देवाने दिली असं समजा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, बाहेरचा उजेड सांभाळा आणि आतलं लाकूड नंतर संगणकावर उजळवा. ऊन असेल तर कॅमेरा न हलवता कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घ्या, ते पुढे एकत्र करता येतात.

प्रवेशावरची पाटी चुकवू नका. घोडे पळवू नका, चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, असा तिचा मजकूर आहे. दौडीच्या ठेक्याने सांगाडा हादरतो, ही त्या काळची धास्ती. पुलावर १९४३पर्यंत टोलही होता. पाटी आणि वरची छपराची कड एकाच चौकटीत घ्या. नुसती पाटी घेतली तर ती कुठली ते कळत नाही.

बाहेरचा फोटो न्यू हॅम्पशायरच्या काठावरून, सकाळी. सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पलीकडे व्हरमाँटमधला अस्कटनी डोंगर उजळलेला असतो. (नदी जवळजवळ पलीकडच्या काठापर्यंत न्यू हॅम्पशायरचीच, त्यामुळे पूलही बराचसा त्याच राज्यातला.)

एक मात्र पाळा : पुलात रस्त्यावर ट्रायपॉड लावू नका. उन्हातून आत शिरणाऱ्या चालकाला पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. फोटो घेताना लेकीला गाड्यांकडे लक्ष ठेवायला उभं करा आणि गाडीचा आवाज आला की भिंतीलगत व्हा.