साथीदार सोडून का जातो? फॉलआउट खेळणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेले जवळजवळ सगळे प्रश्न फॉलआउट मालिकेतल्या साथीदारांबद्दल आहेत. अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेत घडणारी ही रोल-प्लेइंग मालिका १९९७ साली सुरू झाली. उत्तरांत कथानकातली काही वळणं उघड होतात, तेव्हा खेळ अर्धवट असेल तर त्या गेमपुरतं उत्तर बाजूला ठेवा.

प्रश्न : फॉलआउट ३ मध्ये फॉक्स सोबत यायला तयार नाही. कर्मा किती लागतो, आणि तो लवकर कसा वाढवायचा? (नाशिक)

या गेममधला कर्मा म्हणजे −१००० ते +१००० अशी पट्टी आहे. +२५० पासून पुढे तुम्ही चांगले, −२५० च्या खाली वाईट, अधलेमधले तटस्थ. पिप-बॉयवर, म्हणजे मनगटावरच्या संगणकावर, आकडा दिसत नाही, फक्त गट कळतो. फॉक्सला चांगला गट लागतो, पॅलाडिन क्रॉसलाही तोच. बुच आणि सार्जंट आरएल-३ हा रोबो तटस्थ माणसाबरोबर येतात. जेरिको आणि क्लोव्हर यांना वाईट गट लागतो, वर प्रत्येकी १००० कॅप्स, म्हणजे बाटल्यांची झाकणं, तिथलं चलन. कॅरन आणि कुत्रा डॉगमीट कर्मा बघत नाहीत. एका वेळी एक साथीदार आणि डॉगमीट, एवढेच सोबत ठेवता येतात.

वाढवण्याचा सरळ मार्ग पाण्याचा. मेगाटन या गावाच्या दाराबाहेर मिकी नावाचा तहानलेला माणूस बसलेला असतो. त्याला शुद्ध पाण्याची एक बाटली दिली की +५०. शून्यावर असाल तर पाच बाटल्यांत काम होतं. मेगाटनमधलं घर मिळालं असेल तर तिथला वॉड्सवर्थ रोबो अधूनमधून शुद्ध पाणी देतो, ते पिऊन टाकू नका, साठवून ठेवा. चिल्ड्रन ऑफ अॅटम पंथाच्या मंदिरात कॅप्स दान करूनही कर्मा वाढतो. तुमचा वाढत नसेल तर बहुधा चोरी आड येते आहे. लाल अक्षरांत नाव दिसणारी वस्तू उचलली की दर वस्तूमागे −५. टेबलावरच्या दहा फुटकळ वस्तू उचलल्या की मिकीला दिलेली एक बाटली वाया गेली. रेव्हन रॉकबाहेर फॉक्सने नकार दिला असेल तरी तो हातचा जात नाही. कर्मा वाढवून इतिहास संग्रहालयात जा, तो तिथे भेटतो.

याच आकड्यांत या पद्धतीचा दोष उघडा पडतो. मेगाटनमधला बॉम्ब उडवला की −१००० आणि निकामी केला की +२०० (त्यासाठी एक्स्प्लोझिव्ह्ज कौशल्य किमान २५ हवं). आता +१००० वरच्या सज्जन खेळाडूने गाव उडवलं तर तो येतो शून्यावर. वाईट नाही, तटस्थ! मग मिकीला वीस बाटल्या पाणी पाजलं की पुन्हा पूर्ण पुण्यवान. (हा मिकी दाराबाहेर बसतो, पण स्फोटातून तो वाचत नाही. दुसऱ्या गावांबाहेरचे तहानलेले लोक शोधावे लागतात.) आपल्याकडे कर्म म्हणजे केलेलं भोगावं लागणं. इथला कर्मा ही नुसती जमाखर्चाची वही आहे आणि त्यात गावाची किंमत वीस बाटल्या आहे. शिवाय साथीदार हा गट फक्त सोबत येताना तपासतात. एकदा आला की तुमचा कर्मा खाली गेला तरी तो निघून जात नाही. तुम्ही त्याला रजा दिली आणि पुन्हा बोलवायला गेलात, तरच नकार मिळतो.

प्रश्न : कॅरनला नुसता विकत घ्यायचा असतो का? हे नैतिकदृष्ट्या गुलामगिरीसारखं वाटतं. (पुणे)

वाटतं ते बरोबर आहे, आणि लिहिणाऱ्यांना ते तसंच वाटावं असं हवं आहे. अंडरवर्ल्ड नावाच्या वस्तीतल्या बारचा मालक अझरुखाल याच्याकडे कॅरनच्या कराराचा कागद असतो. ज्याच्या हातात कागद, त्याचा हुकूम कॅरन पाळतो. कागद मिळवायचे दोन मार्ग: २००० कॅप्स मोजा, किंवा अझरुखालच्या सांगण्यावरून ग्रेटाला मारा. पैसे देणंच बरं. कागद तुमच्याकडे आला की कॅरनशी बोला. तो आधी एक काम उरकून घेतो: जुन्या मालकासमोर जाऊन त्याला गोळ्या घालतो. इतकी वर्षं तो काय मनात धरून होता, हे त्या दोन सेकंदांत कळतं. कर्माच्या पट्टीवर हे कुठेच मोजलं जात नाही, तरी फॉलआउट ३ मधला साथीदारांचा सर्वांत खरा प्रसंग हाच आहे असं आमचं मत.

प्रश्न : शेवटच्या प्रसंगात फॉक्स किरणोत्सर्गाने मरत नाही, तरी आत जायला नकार का देतो? (कोल्हापूर)

२००८ च्या मूळ गेममध्ये जलशुद्धीकरण यंत्राच्या खोलीत कोणीतरी जाऊन मरायचंच, असा शेवट लिहिलेला होता. फॉक्स सुपर म्युटंट, म्हणजे माणसाचा बदललेला महाकाय प्राणी आहे, किरणोत्सर्ग त्याला बाधत नाही. याआधी व्हॉल्ट ८७ मध्ये तो तशाच खोलीतून तुमच्यासाठी वस्तू काढून आणतो. आणि ऐन वेळी मात्र ‘हे तुझं नशीब आहे’ अशा अर्थाचं सांगून मागे राहतो. खेळाडू चिडले ते योग्यच होतं. साथीदाराचा एक गुण कथानकाने आधी वापरला आणि गैरसोयीचा झाल्यावर नाकारला.

मे २००९ मधल्या ब्रोकन स्टील या पुरवणीत, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागात, हे दुरुस्त झालं. आता फॉक्स, कॅरन किंवा आरएल-३ यांपैकी कोणी सोबत असेल तर त्याला आत पाठवता येतं. पण निवेदक तेव्हाही, खरा वीर आत गेला आणि तुम्ही वडिलांसारखा त्याग केला नाहीत, असं सुनावतो. ज्याला धोकाच नाही त्याला पाठवणं यात भित्रेपणा कसला? दुरुस्ती बटणांत झाली, विचारात झाली नाही.

प्रश्न : फॉलआउट ३ भारतात आलाच नव्हता असं ऐकलं. खरं का? (ठाणे)

एक्सबॉक्स ३६० ची आवृत्ती २००८ मध्ये भारतात प्रसिद्ध होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन जाहीर केलं होतं. नेमकं काय खटकलं हे सांगितलं नाही. गेममधल्या दोन तोंडांच्या गायीला ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळे असेल, असा तर्क तेव्हा सगळीकडे झाला.

प्रश्न : न्यू व्हेगासमध्ये बून सोबत आहे, पण त्याची स्वतःची मोहीम सुरूच होत नाही. शिवाय कॅस भांडून निघून गेली. काय चुकलं? (बेळगाव)

कॅसचं आधी, कारण ते सोपं आहे. २०१० च्या न्यू व्हेगासमध्ये कर्मा आहे, पण त्याची पर्वा करणारी मुख्यतः कॅसच. तुमचा कर्मा वाईट गटात गेला की ती आधी ताकीद देते, तरी सुधारला नाहीत तर जाते. फीन्ड टोळीची माणसं आणि जंगली गूल (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले) मारून कर्मा आपोआप वर येतो, तेव्हा ताकीद मिळाली की दोन दिवस चोऱ्या थांबवून तिकडे वळा.

बूनला कर्माशी देणंघेणं नाही. तो बघतो तुम्ही लीजनच्या, म्हणजे सीझर नावाच्या म्होरक्याच्या गुलाम पकडणाऱ्या सैन्याच्या, बाजूचे की विरोधातले. बिटर स्प्रिंग्जची मोहीम सुरू व्हायला त्याचा विश्वास पाच गुणांपर्यंत जावा लागतो. हे गुण मिळतात तो प्रत्यक्ष सोबत असताना लीजनला फटका दिला तर, उदाहरणार्थ कॉटनवूड कोव्हचा तळ. तुमची चूक बहुधा इथेच झाली आहे: बूनला घेण्याआधीच हे तळ साफ केले. अशा जागा मोजक्याच आहेत, आणि तो नसताना संपवल्या की ते गुण पुन्हा मिळत नाहीत. म्हणून बूनच्या गावी, नोव्हॅकला, पोहोचल्याबरोबर आधी बूनला घ्या, मग लीजनकडे वळा. पाच गुण झाले की त्याच्याशी बोला. तो स्वतः विषय काढतो. बिटर स्प्रिंग्जला त्याच्यासोबत रात्र काढायची असते आणि लीजन हल्ला करते, तेव्हा औषधं आणि दारूगोळा भरून घ्या. तिथल्या बोलण्यात तुम्ही त्याला कुठे वळवता त्यावर त्याला मिळणारं चिलखत ठरतं.

त्याला घेण्याची पद्धतही नीट सांगतो, कारण इथे घाई महागात पडते. बून रात्री ९ ते सकाळी ९ गावातल्या डायनोसॉरच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या तोंडात पहाऱ्यावर असतो. त्याच्या बायकोला लीजनला कोणी विकलं हे तो शोधतो आहे. तो तुम्हाला लाल बेरे टोपी देतो. गुन्हेगाराला रात्री डायनोसॉरसमोर आणायचं आणि टोपी घालायची. टोपी दिसली की तो समोरच्याला गोळी घालतो, शहानिशा करत नाही. म्हणजे निष्पाप माणूस मेला तर ते तुमच्यावर. म्हणून आधी मोटेलच्या कार्यालयात जमिनीतली तिजोरी उघडा. आत विक्रीची पावती आहे. कार्ला बूनचे १००० कॅप्स, आणि पोटातलं मूल जगलं तर आणखी ५००. विकणारी म्हणून मोटेलवाल्या जीनी मे क्रॉफर्डचं नाव. दरवाजात हसून स्वागत करणारी बाई, आणि कागदावर कोरड्या व्यापारी भाषेत न जन्मलेल्या मुलाचा भाव. एका पानात इतकी चीड आणणारं लेखन गेममध्ये फार थोडं आहे.

तुम्ही लीजनबरोबर काम करू पाहत असाल तर बूनला सोबत घेऊन त्यांच्या तळावर जाऊ नका. तो दिसताक्षणी गोळीबार सुरू करतो. न्यू व्हेगासमध्ये प्रत्येक गटाकडे तुमचं नाव आणि बदनामी वेगवेगळी जमते आणि एक दुसरीला खोडत नाही. कितीही मदत केली तरी जुना खून तसाच नोंदलेला राहतो. लीजनकडची पाटी एकदाच कोरी होते: स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या रस्त्यावर, त्यांचा माणूस भेटून सीझरचा शिक्का देतो तेव्हा. दुसरी माफी नाही.

प्रश्न : न्यू व्हेगासमधला राऊल म्हातारा झालो म्हणत बसतो. पुढे काय? (सोलापूर)

त्याला सोबत ठेवून तीन म्हाताऱ्यांशी बोला: नोव्हॅकमधला रेंजर अँडी, नेलिसचा लॉयल आणि कॅम्प मॅकॅरनचा कॉर्पोरल स्टर्लिंग. दरवेळी नंतर राऊलशीही बोला, ही पायरी लोक विसरतात. शेवटी त्याने पुन्हा बंदूक धरावी की दुरुस्तीकाम करावं, हे तुमच्या सल्ल्यावर ठरतं.

प्रश्न : फॉलआउट ४ मध्ये कर्मा नाही, मग बरंवाईट ठरवतं कोण? सगळ्यांचे पर्क, म्हणजे खास क्षमता, मिळवायचे आहेत, पण चोरी केली की सगळे रागावतात. (अमेरिकेतून एक वाचक)

इथे ठरवतात साथीदारच. प्रत्येकाची तुमच्याबद्दलची जवळीक मोजली जाते, ती १००० ला पोहोचून शेवटचं बोलणं झालं की पर्क मिळतो. मिळालेला पर्क मग कायमचा, साथीदाराला रजा दिली तरी. डॉगमीट मात्र या हिशोबात नाही. तो रागावत नाही आणि पर्कही देत नाही. एकटं फिरणाऱ्याला बळ देणारा ‘लोन वांडरर’ पर्क घेतला असेल तर डॉगमीट सोबत असतानाही तो चालू राहतो, हा त्याचा खरा फायदा.

तेच काम लागोपाठ केलं तर दरवेळी जवळीक वाढत नाही, मध्ये वेळ जावा लागतो. दहा कुलपं एका दमात उघडून उपयोग नाही. पायपरला कुलपं उघडलेली आवडतात, चोरी नाही. निकला टर्मिनल हॅक केलेलं आवडतं. डान्स नावाच्या साथीदारासोबत पॉवर आर्मरमध्ये, म्हणजे यांत्रिक चिलखतात, शिरा. कॉड्सवर्थला शस्त्रं आणि चिलखतात सुधारणा केलेली आवडते. चोरी करायचीच असेल तर प्रेस्टन किंवा पायपरला आधी वसाहतीत पाठवा. कोपऱ्यात उभं करून चालत नाही, जवळ असेल तर कळतं. केटला चोरी खटकत नाही, अशा वेळी तिला घ्या.

क्रमाबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नुका-वर्ल्ड ही पुरवणी खेळून रेडरांसाठी, म्हणजे लुटारूंसाठी, कॉमनवेल्थमधली (मूळ गेमच्या प्रदेशातली) वसाहत बळकावली, की प्रेस्टन कायमचा तुटतो. त्याचा ‘युनायटेड वी स्टँड’ पर्क, म्हणजे तीन किंवा जास्त शत्रू समोर असताना २० टक्के जास्त मारा, आधी मिळवून ठेवा.

ही पद्धत कर्मापेक्षा बरी आहे, कारण बघणारं कोणीतरी आहे. पण कोपऱ्यात ‘पायपरला हे आवडलं’ अशी ओळ झळकते आणि खेळाडू कामाकडे बघायचं सोडून त्या ओळीकडे बघू लागतो. बूनच्या बाबतीत तसं होत नाही, कारण त्याचे गुण दिसतच नाहीत.

प्रश्न : न्यू व्हेगासमधल्या लिलीला औषध पूर्ण द्यावं की बंद करावं? चांगलं उत्तर कोणतं? (पणजी)

जेकब्सटाउनची लिली ही नातवंडांच्या आठवणीत जगणारी सुपर म्युटंट आजी. तिच्या डोक्यात लिओ नावाचा दुसरा आवाज आहे. डॉक्टर हेन्रीने दिलेलं औषध ती मुद्दाम अर्धंच घेते. पूर्ण घेतलं तर लिओ गप्प होतो, पण नातवंडांच्या आठवणीही पुसल्या जातात. बंद केलं तर आठवणी राहतात आणि लिओ मोकाट सुटतो. तिच्याकडे नातवंडांच्या आवाजाची टेप आहे, तिच्यावरून हा विषय निघतो. घाईत पुढे न ढकलता ते बोलणं पूर्ण वाचा.

निव्वळ लढाईसाठी बघायचं तर पूर्ण मात्रा सुरक्षित, कारण जखमी झाल्यावर ती बेभान होऊन तुमच्या अंगावर येण्याचा धोका राहत नाही. बंद केल्यास ती जास्त जोराने लढते, पण अरुंद खोल्यांत तिच्यापासून लांब उभं राहावं लागतं. अर्धी मात्रा चालू ठेवणं हाही पर्याय आहे, आणि आम्ही तोच निवडू. कर्मा यात कमी-जास्त होत नाही, कोणताही गट नाव ठेवत नाही. ती स्वतः इतकी वर्षं अर्धी मात्रा घेत आली आहे. आठवणी हव्यात आणि कोणाला इजाही नको, म्हणून तिने तो मधला माप स्वतः शोधलेला आहे. तिचं आरोग्य निम्म्याच्या खाली जाऊ दिलं नाही, स्टिमपॅक (जखम भरणारी इंजेक्शनं) वेळेवर दिले, तर अर्ध्या मात्रेवरही ती शेवटपर्यंत नीट साथ देते.