लिक्विड क्रिस्टलमध्ये पीएचडी केली तर पुढे काही आहे का?

तुमची मुलगी पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला लिक्विड क्रिस्टलवर (द्रवासारखे वाहणारे, पण रेणू स्फटिकासारखे शिस्तीत असणारे पदार्थ) संशोधन करायचंय आणि तुम्ही विचारताय, की आता लिक्विड क्रिस्टल न लागणारे ओएलईडीचे टीव्ही आले, मग हा विषय संपला नाही का? मी याच विषयात पीएचडी केली, आता इथेच एका कॉलेजात शिकवतो.

पडद्याची काळजी सोडा. 1888 मध्ये प्रागमधल्या राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट नावाचं रसायन दोनदा वितळताना दिसलं: 145.5 अंशांना गढूळ द्रव, 178.5 ला स्वच्छ. एलसीडी, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा पडदा, त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी आली. साबणाचं दाट द्रावण, पेशीचं आवरण, बुलेटप्रूफ जॅकेटातल्या केव्हलारचा धागा ज्यातून ओढतात ते द्रावण, सगळीकडे हीच अवस्था भेटते.

करिअर कसं घडतं ते बघायचं तर लिक्विड क्रिस्टलवाले भौतिकशास्त्रज्ञ शिवरामकृष्ण चंद्रशेखर बघा. (ताऱ्यांवर संशोधन करणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे. ते सी. व्ही. रामन यांचे पुतणे, हे भाचे.) नागपूर विद्यापीठातून 1951 ला एमएस्सी, मग बंगळुरूला रामन यांच्याकडे, पुढे केंब्रिज, म्हैसूर विद्यापीठ. रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लिक्विड क्रिस्टलची प्रयोगशाळा उभी केली 1971 मध्ये, म्हणजे चाळिशीत! 1977 साली त्यांनी सदाशिव आणि सुरेश यांच्यासह दाखवलं, की काडीसारखेच नव्हे, चकतीसारखे रेणूही लिक्विड क्रिस्टल बनवतात. यातले सदाशिव रसायनवाले. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. नवा रेणू बनवून देणारा केमिस्ट सोबत नसेल, तर भौतिकशास्त्रवाला विकत आणलेल्या कुपीचीच मोजमापं करत बसतो. पेपर निघतात, पण ते कुणी वाचत नाही.

म्हणून विषय नव्हे, गाइड आणि त्याची लॅब निवडायची. पुण्यात आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्थांमध्ये सॉफ्ट मॅटरवर (जेल, साबण, लिक्विड क्रिस्टल असे मऊ पदार्थ) काम चालतं, पण खास लिक्विड क्रिस्टलसाठी बंगळुरूकडे बघावं: रामन इन्स्टिट्यूट, आणि चंद्रशेखरांनीच सुरू केलेलं केंद्र, ज्याला आता सेन्स (सेंटर फॉर नॅनो अँड सॉफ्ट मॅटर सायन्सेस) म्हणतात. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज तिने जरूर भरावा. दोन महिने पोलरायझिंग मायक्रोस्कोपला (लिक्विड क्रिस्टल बघायचं नेहमीचं यंत्र) डोळा लावून बसली, की हे काम आपल्याला झेपतं की नाही ते तिचं तिलाच कळेल.

पैशाचं सांगायचं तर नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या पीएचडीच्या फेलोशिपला महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, बहुतेकदा परदेशात. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते, आणि आपल्याकडे प्राध्यापकभरती कशी रखडते ते तुम्ही पेपरात वाचताच. घरी तेवढी सवड असेल तरच हो म्हणा.

लॅब बघायला गेली तर गाइडला भेटण्याआधी तिथल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांसोबत चहा घ्यायला सांगा. रेणू कोण बनवतं, यंत्र बिघडलं तर किती महिने पडून राहतं, आधीचे विद्यार्थी कुठे लागले, हे तीच मुलं खरं सांगतात.