अर्ज भरण्याआधी यादी वाच

प्रिय मुली,

विधानसभेला अपक्ष उभी राहू का, असं तू विचारलंस. राहा. पण पक्ष, पोस्टर, भाषण हे सगळं नंतर. आधी मतदारयादी.

आपला गोवा 40 मतदारसंघांचा. 2022 मध्ये एकेका मतदारसंघात सरासरी 29 हजारांच्या आसपास मतदार होते. त्या वर्षी फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला, सांत आंद्रेचा 76 मतांनी. सत्त्याहत्तर मतं म्हणजे किती? चतुर्थीच्या एका संध्याकाळी ज्यांच्या माटोळ्या (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची छतं) बघून होतात, तेवढी घरं. म्हणून यादीचा एकेक भाग घेऊन वाड्यावाड्यावर जा आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिही: इथेच आहे, बोटीवर नोकरीला आहे, लग्न होऊन गेली, वारला. अठरा पूर्ण झालेली पोरं सापडली की त्यांचा नाव नोंदवायचा फॉर्म 6 भरून घे. हे काम सहा महिने चालतं. पण त्या सहा महिन्यांत लोक तुला ओळखू लागतात, तेवढं कुठल्याच सभेतून होत नाही. दारात म्हातारी विचारेल, ‘तूं कोणाची गो?’ आजीचं नाव सांग, मग आपलं. कोंकणीतच बोल. पत्रक मराठीत काढलंस तरी चालेल. घरात एक आणि देवळात, वर्तमानपत्रात दुसरी, हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही.

जमिनीचा प्रश्न निघेलच. नगरनियोजन कायद्याचं 2024 साली आलेलं कलम 39अ नीट वाचून जा. एकेका भूखंडाचा विभाग (झोन) अर्जावर कसा बदलतो, हरकत कशी घ्यायची, हे तुला समजावून सांगता आलं पाहिजे. डोंगर कापलेला दिसत असताना गोल गोल बोललीस, तर त्या वाड्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस.

आता उमेदवारी अर्जाबद्दल. मतदार म्हणून तुझं नाव गोव्यातल्या कुठल्याही मतदारसंघात असलं तरी चालतं, पण अपक्षाला लागणारे दहाही सूचक, म्हणजे तुझं नाव सुचवून सही करणारे मतदार, त्याच मतदारसंघातले हवेत. फोंडा तालुक्यात चार मतदारसंघ आहेत, रस्ता ओलांडला की हद्द बदलते. आमच्या एका उमेदवाराचा अर्ज असाच बाद झाला. दहावा सूचक पलीकडच्या यादीत निघाला. नावं तपासायचं काम माझ्याकडे होतं. ते मला अजून सलतं. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नकोस, नसेल तिथे ‘निरंक’ लिही. अनामत 10 हजार. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघड, आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब दे. 2022 मध्ये खर्चाची मर्यादा 28 लाख होती. तुला त्याच्या पाव हिश्श्यातही लढता येईल, पाकिटं वाटायची नसतील तर. आणि वाटायची नाहीत.

आता सगळ्यांत जड गोष्ट. 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार एकदम भाजपमध्ये गेले, 2022 मध्ये 11 पैकी 8. दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण म्हटलं की अपात्र ठरण्यापासून कायद्याचं संरक्षण मिळतं. 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या. म्हणून लोक आता शपथेवर विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. तू अपक्ष, निवडून आल्यावर कुठल्याही पक्षात गेलीस तर अपात्र ठरशील. पण बाहेरून पाठिंबा, मंत्रिपद, महामंडळ हे दरवाजे उघडे असतात. पाठिंबा द्यायची वेळ आली तर आधी ग्रामसभांत येऊन विचारीन, हे आताच पत्रकावर छाप. ते छापायला हात धजत नसेल, तर थांब एक निवडणूक.

2022 ला 40 आमदारांत फक्त 3 बायका निवडून आल्या. ज्या गोव्यात 1973 साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तिथे. मला हा आकडा बघवत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

रविवारी यादीचे पहिले पाच भाग घेऊन ये. पेन्सिली मी आणून ठेवतो.

तुझा,
काका