नोकरी करणाऱ्या बायकोला घटस्फोटात पोटगी मिळते का? किती मिळते?

मिळते. नवऱ्याने 'नाही' म्हटलं म्हणून कायदा बदलत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला 24 हजार पगार आहे, नवरा म्हणतो "कमावतेस ना, मग पोटगी विसर", आणि माहेरचे म्हणतात म्युच्युअल (दोघांच्या संमतीने घटस्फोट) कर, मोकळी हो, पैशाच्या मागे लागू नकोस. नवऱ्याचं सोडा, तो त्याच्या फायद्याचंच बोलणार. पण ते माहेरचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण अगदी हेच माझ्या दादाने मला ऐकवलंय, तेही वकील मॅडमच्या ऑफिसच्या जिन्यात, चार लोकांसमोर.

माझी केस मुंबईत बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात. मी अंधेरीला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघायचे, हातात 21 हजार यायचे, मुलगी माझ्याकडे. नवरा चांगल्या पगारावर होता, पण नोटीस गेल्यावर त्याने म्हणे राजीनामा दिला. कोर्टात लिहून काय दिलं तर मित्राच्या दुकानात मदत करतो, महिना 15 हजार मिळतात, गाडी बंद पडून आहे.

आता 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळ्याचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं. माझं भरायला वकील मॅडमच्या ऑफिसात बसलो होतो, दादा बरोबर होता. घरभाडं, लाईट बिल, शाळेची फी, औषधं, रेशन, सगळं एकेक करून मॅडम विचारत होत्या आणि मी सांगत होते. तेल-साबणापर्यंत आलो तेव्हा दादा उसळला, "आता साबणाचाही हिशोब द्यायचा? आपण काय भीक मागायला बसलोय का?" मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "पुढे, रिक्षाचे किती जातात?"

बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणतो, त्याचे पाच पैसे नकोत आपल्याला, मी आहे ना. हाच दादा बरं का, ज्याने बाबा गेल्यावर गावच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली होती, तेव्हाही "बहिणीने कशाला मागायचं, मी आहे ना" हेच होतं. जमीन त्याच्या नावावर झाली आणि "मी आहे ना" म्हणजे काय ते मला मुलीच्या शाळेची फी भरायची वेळ आली तेव्हा कळलं. वहिनीला मी दोष देत नाही, तिच्याही घरात दोन मुलं आहेत.

असो. तर ती बंद पडलेली गाडी. गाडी नवऱ्याच्या नावावर पण फास्टॅग काढताना मोबाईल नंबर माझा दिला होता आणि तो बदलायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. दर शनिवारी सकाळी माझ्या फोनवर मेसेज, खालापूर टोल नाका, पैसे कापले. रविवारी रात्री परत. महिना 15 हजारवाला माणूस बंद गाडीतून दर वीकेंडला एक्स्प्रेसवेने जातो. मी ते मेसेज डिलीट न करता ठेवले, मॅडमनी प्रिंट काढून, मोबाईलमधल्या पुराव्याला लागणाऱ्या सर्टिफिकेटसकट लावले, आणि शिवाय जुन्या जॉइंट खात्याचं स्टेटमेंट, त्यात विरारच्या रूमचं भाडं येत होतं जी रूम त्याच्या ॲफिडेव्हिटमध्ये कुठेच नव्हती. त्या तारखेला त्याच्या वकिलाने आधी वेळ मागितला, मग पुढच्या तारखेला जजसाहेबांनी सरळ विचारलं की एवढ्या पगारात गाडी चालते कशी. उत्तर नव्हतं. अंतरिम, म्हणजे केस चालू असेपर्यंतची ऑर्डर झाली, मला महिना 12 हजार, मुलीचे 10 वेगळे.

म्हणून तुम्हाला सांगते, आधी कागद जमवा. आयटी रिटर्न, पासबुक, एलआयसी, म्युच्युअल फंडाचे मेल, सोसायटीतलं पार्किंग, जे घरात असताना हाताला लागतं ते नंतर मिळत नाही. फोटो काढून ठेवा.

तुमच्या मूळ प्रश्नावर. कमावती आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळत नाहीत. तुमच्या पगारात तुम्ही त्या राहणीमानाने राहू शकता का जे लग्नात होतं, हे बघतात. 'कमवू शकते' आणि 'कमावते' यातही कोर्ट फरक करतं, म्हणजे नुसती डिग्री आहे म्हणून तुम्हाला शून्य करता येत नाही. किती, याचा फॉर्म्युला नाही. सगळे 25 टक्के 25 टक्के करतात, ते 2017 च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालावरून आलंय, नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या 25 टक्के योग्य म्हटलं होतं, पण तो काही कायदा नाही, कमी-जास्त होतं. त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील, त्याची कर्जं, मूल कोणाकडे, लग्न किती वर्षं टिकलं, सगळं धरतात. आणि रजनेश-नेहा निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे "बघू, दिवाळीनंतर टाकू" करत बसू नका.

हिंदू विवाह कायद्यात अंतरिम पोटगी कलम 24, कायमची कलम 25. 24 च्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत लावायचा असं कायद्यात आहे, शक्यतो हा शब्द टाकून, आणि बांद्र्यात तो 'शक्यतो' तुम्हाला चांगलाच समजेल. फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) जुनं 125, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं 144, तिथेही मागता येते, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालीही. पण एकीकडे मिळालेली दुसरीकडे सांगावी लागते, वजा होते.

म्युच्युअल करायचं असेल तर जरूर करा, पण "भविष्यात काही मागणार नाही" ही ओळ कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांच्या लेखी करारात) फुकट लिहून देऊ नका. एकरकमी ठरली तर डीडी बघितल्याशिवाय शेवटची हजेरी लावू नका. घाई ज्याला आहे त्याला होऊ द्या. आणि स्त्रीधन वेगळं, ते पोटगीत धरायचं नाही. तुमचे दागिने परत देऊन तो उपकार करत नाही.

आता हेही सांगते नाहीतर कोणीतरी येऊन भांडेल. तुमचा पगार त्याच्याएवढा किंवा जास्त असेल तर स्वतःसाठी फार अपेक्षा ठेवू नका, मुलांसाठी मागा. कलम 24-25 नवऱ्यालाही लागू आहे, 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका शिक्षिकेला नवऱ्याला महिना 3 हजार द्यायची ऑर्डर कायम ठेवली होती. दुसरं लग्न केलंत तर पोटगी बंद होऊ शकते. तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये कलमं वेगळी आणि धर्म वेगळा असेल तर बरंच वेगळं, ते वकिलालाच विचारा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरचे घाबरवत असतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि केसचा खर्चही कलम 24 मध्ये नवऱ्याकडून मागता येतो.

144 खाली ऑर्डर झाली आणि त्याने थकवली तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा लागतो, हे पाळा. माझी पोटगी गणपतीच्या तोंडावर थकली होती, दादा म्हणाला सणाचं कशाला कोर्टकचेरी, देईल तो. मॅडमनी त्याच आठवड्यात अर्ज टाकला.