आहिहिकला येताय? आधी एक मे महिना भाड्याच्या घरात काढा

ताई, तुम्ही विचारलंय, की न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर विकून तुम्ही दोघं, वय ६३ आणि ६६, मेक्सिकोत चापाला तळ्याकाठी आहिहिकला कायमचं राहायला आलात तर जमेल का. घर लगेच घ्यावं का, औषधपाण्याचं काय, शाकाहारी माणसाचं पोट भरेल का आणि एकटं वाटेल का, हेही विचारलंय. आम्ही २०१७ पासून इथे आहोत. त्याआधी सव्वीस वर्षं ह्यूस्टन आणि त्याआधी कोल्हापूर. स्वतः अनुभवलंय तेवढंच लिहिते.

घर लगेच घेऊ नका. तुम्ही जानेवारीत आठ दिवस राहून गेलात असं लिहिलंय, म्हणूनच हे आधी सांगते. तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे. जानेवारीत दुपारी कोवळं ऊन आणि रात्री स्वेटर असं असतं, मग ज्याला त्याला इथेच घर घ्यावंसं वाटतं. पण हे गाव कळायला मे महिना पाहावा लागतो. डोंगर करडे पडतात, धूळ उडते, दुपारी पारा ३१-३२ अंशांवर जातो. घरांत एसी नसतो, कारण वर्षातले दहा महिने त्याची गरजच पडत नाही. मेच्या अखेरीला झाडांवर एक किर्र आवाज सुरू होतो आणि दिवसभर कानात घुमत राहतो. परदेशी लोक त्याला पावसाचा पक्षी म्हणतात. खरं तर तो कीटक आहे, इथले लोक त्याला चिचार्रा म्हणतात. आपल्याकडे पावशा ओरडला की पाऊस जवळ आला म्हणतात ना, तसाच इथे ह्याच्यावर भरवसा. जूनच्या मध्यावर पाऊस लागतो, बहुतेक रात्रीचा. पंधरा दिवसांत डोंगर असे हिरवे होतात, की मला आंबा घाट आठवतो.

आणि पावसातच घर कसं आहे ते कळतं. विटांच्या घुमटी छतातून कुठे झिरपतं, कुठल्या भिंतीला ओल धरते, हे जानेवारीत कोण सांगणार? तळं छान दिसतं म्हणून लोक डोंगराच्या अंगाची घरं पसंत करतात. घराच्या वरच्या बाजूला कोरडा ओढा आहे का, ते आधी चालत जाऊन बघा. २००७ च्या सप्टेंबरात शेजारच्या सान ह्वान कोसालात डोंगरावरून चिखल आणि धोंडे वाहत आले आणि घरांत शिरले. ओढा वर्षभर कोरडा असतो, म्हणून तो ओढा आहे हेच माणूस विसरतो.

पाण्याची व्यवस्था तुम्हाला नवी वाटणार नाही. अंगणात जमिनीखाली हौद, त्याला आल्हीबे म्हणतात. गच्चीवर टाकी, तिला तिनाको. नगरपालिकेचं पाणी हौदात येतं आणि पंपाने वर चढतं. आपल्याकडच्या बंगल्यात असतं अगदी तसंच. पिण्यासाठी वीस लिटरचा जार, गार्राफोन, दारात येतो. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात हौदाला तडा गेला होता. आम्हाला काही कळलं नाही, पाणी झिरपून जायचं आणि वरची टाकी भरेना म्हणून पंप आपला चालू. एप्रिल-मेमध्ये पाणी दिवसाआड येऊ लागलं तेव्हा हौद रिकामाच सापडायचा. नंतर विजेचं बिल पाहून आम्ही सुन्न झालो. इथे बिल दर दोन महिन्यांनी येतं आणि कमी वापरणाऱ्याला सरकार मोठी सवलत देतं. पण बारा महिन्यांची सरासरी महिन्याला २५० युनिटच्या वर गेली, की सवलत बंद होते आणि दर कितीतरी पटीने चढतो. सरासरी पुन्हा खाली यायला महिनोन्महिने जातात. करारात वीजबिल भाडेकरूचं होतं, त्यामुळे मालकाने हात वर केले आणि आम्ही ते भरलं. म्हणून करार करण्याआधी मागच्या वर्षाची सहाही बिलं मागून घ्या आणि हौदाचं झाकण उघडून स्वतः आत बघा.

वर्षभर राहूनही घर घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. परदेशी माणसाला समुद्रापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, बँकेचा ट्रस्ट करावा लागतो. चापाला त्या पट्ट्याच्या बाहेर आहे, इथे खरेदीखत थेट तुमच्या नावावर होतं. ते नोतारिओ करतो. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. हा मोठ्या अधिकाराचा वकील असतो आणि त्याच्याशिवाय व्यवहार कायदेशीर होत नाही. एहीदो म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची जमीन, कितीही स्वस्त मिळो, तिच्या वाटेला जाऊ नका. तळ्याला अगदी लागून असलेल्या जागेचंही तसंच. हे मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं तळं, पण उथळ. ग्वादालाहारा शहराचं बरंचसं पाणी इथूनच जातं आणि २००२ च्या सुमारास तळं इतकं आटलं होतं, की काठ पार दूर गेला. अशी उघडी पडलेली जमीन केंद्र सरकारची असते. तिथे वापराचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. कुणी तळ्यापर्यंतची बाग आमचीच आहे म्हणून दाखवली तर कागद मागा.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. तुमच्या यजमानांकडे अजून ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ताई, हा प्रश्न घराच्याही आधीचा आहे. ग्रीन कार्ड हे अमेरिकेत राहणाऱ्यासाठी असतं. सलग वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर परत शिरायला ते चालत नाही. री-एंट्री परमिट मिळतं, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि तेही दोन वर्षांपुरतंच असतं. दर पाच महिन्यांनी चार दिवस जाऊन यायचं, हा इलाज पुष्कळजण सुचवतील. तो खरा नाही. तुमचं घर नक्की कुठे आहे, हे विमानतळावरचा अधिकारी बघतो, आणि मेक्सिकोचं निवासपत्र हा त्याला पुरावाच वाटू शकतो. आमच्या ओळखीच्या एका गुजराती जोडप्याचं कार्ड असंच गेलं, आणि मुलगा-नातवंडं डॅलसला. आम्ही दोघांनी आधी नागरिकत्व घेतलं, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढलं आणि मगच निघालो. तुम्हीही त्याच क्रमाने जा, एखादं वर्ष उशीर झाला तरी चालेल.

निवासाचा व्हिसा मेक्सिकोच्या वकिलातीत, म्हणजे बाहेरूनच घ्यायचा. उत्पन्न किंवा बँकेतली शिल्लक दाखवावी लागते. आकडा दरवर्षी वाढतो, म्हणून तो तुमच्या वकिलातीलाच विचारा. इथे आल्यावर ३० दिवसांत कार्ड करून घ्यायचं. पहिलं एक वर्षाचं, मग तीन वर्षांचं आणि त्यानंतर कायमचं. कायमचं निवासपत्र झालं, की अमेरिकन नंबरप्लेटची गाडी ठेवता येत नाही. आमची अडचण लग्नाच्या दाखल्याने झाली. दाखला कोल्हापूरचा, मराठीतला. त्याला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, हवा आणि मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. भाचा दोन महिने फेऱ्या मारत होता. तुम्ही डिसेंबरात पुण्याला जाणार आहात, तेव्हाच हे काम उरकून घ्या. नावं सगळीकडे पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर इथल्या कचेरीत कुणाला समजावणं फार कठीण जातं.

औषधपाण्याचं. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, इथे चालत नाही. तरी त्यातला भाग ब, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सोडायचा का, हे नीट विचार करून ठरवा, कारण नंतर परत घ्यायचा झाला तर दरवर्षामागे दहा टक्के दंड कायमचा बसतो. आम्ही तो चालू ठेवलाय. मोठं दुखणं आलं तर मुलीकडे जाता येईल, हा विचार. साध्या तापखोकल्याला औषधाच्या दुकानाशेजारीच डॉक्टर बसलेला असतो, फी अगदी थोडी. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मोठे दवाखाने ग्वादालाहारात, तासाभराच्या अंतरावर. खासगी विमा पासष्टीनंतर नव्याने मिळणं अवघड होत जातं आणि सरकारी विमा योजना काही जुन्या आजारांना नकार देते. तुमच्या यजमानांना मधुमेह आहे, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

इथे आमच्या वयाच्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर पडण्याचा. गल्ल्या गोट्यांच्या आहेत आणि पदपथ कधी हातभर उंच, कधी मध्येच तुटलेले. आमचे हे दुसऱ्याच वर्षी चपला घालून दूध आणायला गेले आणि मनगट मोडून बसले. जाड तळव्याचे, घोट्याला धरणारे बूट आणा. बूट घालण्याआधी झटकायची सवय लावा, कारण इथे विंचू आहेत, आलाक्रान म्हणतात. चावला तर घरगुती उपाय करत बसू नका, विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दवाखान्यात मिळतं, थेट तिथेच जा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर जे काम केलं, ते आपल्याकडच्या लाल विंचवावर होतं. इथली जात वेगळी, उपचारही वेगळा.

पोट मात्र भरेल, आणि आनंदाने भरेल. दर बुधवारी आहिहिकला आठवडी बाजार भरतो, तियांगिस. पहिल्यांदा गेले तेव्हा एका बाईच्या टोपलीत घोळीची भाजी दिसली आणि मी तिथेच थबकले. वेर्दोलागास म्हणतात तिला. ह्यूस्टनमध्ये सव्वीस वर्षांत घोळ खाल्ली नव्हती. राजगिऱ्याची वडी इथे आलेग्रिया म्हणून मिळते, आणि आलेग्रिया म्हणजे आनंद. राजगिरा मूळ इथलाच. पेरू, चिकू, रताळं, शेंगदाणे, मिरची, सगळी अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलेली. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत घरोघरी होतं. गुळाच्या जागी पिलोनसियो. होकोके म्हणून दह्यासारखा पदार्थ मिळतो, त्यातला सुका प्रकार चक्क्यासारखा असतो आणि त्याचं श्रीखंड फार छान होतं. बोलियो पावात वडा घालून मी शेजारच्या मुलांना खिलवते. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला आणायला लागतो. बाहेर खाताना मात्र सांभाळा. उसळीसारख्या दिसणाऱ्या घेवड्यात डुकराची चरबी, मांतेका, असते आणि लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो' ही दोन वाक्यं तुमच्या यजमानांना पाठच करायला सांगा. मांस नको म्हटलं तर ते फक्त तुकडे वगळतात.

आवाजाचं सांगायला हवं, कारण त्यामुळे घरं सोडून गेलेले लोक मी पाहिलेत. नोव्हेंबरात २२ ते ३० गावच्या सान आंद्रेसची जत्रा असते. नऊ दिवस पहाटेपासून अग्निबाण, बँड, रात्री चौकात गर्दी. मला ती आवडते, कोल्हापूरच्या माणसाला जत्रेचं काय. पण झोप नाजूक असेल तर चौकापासून लांब घर बघा. जत्रा त्यांची आहे, आपण नंतर आलोय. तिच्याविरुद्ध तक्रारी करणारे परदेशी पाहिले की मला वाईट वाटतं. आपल्यासारख्यांमुळे गावातली भाडी चढली आणि इथल्या मुलांना लग्नानंतर गावात घर परवडेनासं झालंय, हेही त्यांच्या कानावर जायला हवं.

म्हणून घरकामाला बाई ठेवलीत तर कायद्यातलं सगळं द्या. २० डिसेंबरच्या आत आगिनाल्दो, म्हणजे वर्षअखेरचा बोनस, निदान पंधरा दिवसांचा पगार. वर्ष भरल्यावर बारा दिवसांची भरपगारी रजा. सरकारी विम्यात नोंदणी. तुम्ही होऊन काढलंत तर तीन महिन्यांचा पगार आणि शिवाय नोकरीच्या वर्षांप्रमाणे रक्कम. पुष्कळ परदेशी लोक हे देत नाहीत आणि बायका भिडेखातर बोलत नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई, इथे मानाने दोन्या म्हणतात, आता माझ्या बहिणीसारख्या आहेत, पण पगार आणि हक्क त्या नात्यात मिसळू नयेत म्हणून सगळं लेखी ठेवलंय.

एकटं वाटेल का? पहिले सहा महिने वाटेल. मराठी घरं इथे अगदी मोजकी. ग्वादालाहारात टीसीएससारख्या कंपन्यांमुळे तरुण मराठी मुलं असतात, गणपतीला ती आमच्याकडे येतात. आहिहिकमध्ये १९५५ पासूनची लेक चापाला सोसायटी आहे, तिथे ग्रंथालय आहे, वर्ग चालतात, इंग्रजी बोलणारी माणसं भेटतात. पण तिथेच थांबू नका, स्पॅनिश शिका. आपल्याला ती सोपी जाते. त आणि द आपलेच, विशेषणाला लिंग आपल्यासारखं, तू आणि तुम्ही हा भेदही तसाच. पागार म्हणजे पैसे देणे, हे कळलं तेव्हा मी दोन्याला आपला पगार हा शब्द सांगितला, आणि आता ती शनिवारी तोच वापरते. दुकानात शिरताना आधी 'बुएनोस दियास', मग काम. जेवणाऱ्या माणसाजवळून जाताना 'प्रोवेचो'. एवढ्याने गाव तुमचं होऊ लागतं.

एक शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही. दोघांचं मृत्युपत्र इथल्या मालमत्तेपुरतं इथेच करा, सप्टेंबरात नोतारिओ कमी फीत करतात. दहनाची सोय आहे, पण कायद्याने ४८ तासांत सगळं उरकायचं असतं, म्हणून मुलांना आत्ताच सांगून ठेवा आणि इच्छा कागदावर लिहा. ऑक्टोबरच्या अखेरीला इथे झेंडूचे ढीग लागतात, अगदी दसऱ्यासारखे, कारण २ नोव्हेंबरला लोक आपल्या गेलेल्या माणसांसाठी घरात फुलं आणि नैवेद्य मांडतात. मी आई-बाबांचे फोटो ठेवते आणि पुरणपोळी करते. शेजारची म्हातारी येऊन त्यांची नावं विचारते आणि स्वतःच्या प्रार्थनेत घेते.

मेमध्ये येणार असाल तर मार्चमध्येच कळवा, मेपर्यंत हिवाळी पाहुणे परत जातात आणि भाडी थोडी उतरतात. गावातली दोन-तीन घरं मी हौदाचं झाकण उघडून बघून ठेवते. कढीलिंबाचं रोप आणू नका, माझ्याकडे कुंडीत चार तयार आहेत.