जेंडरच्या कामासाठी परदेशी जायचंय? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३३, एमएसडब्ल्यू, दिवा-मुंब्रा आणि शहापूर-मुरबाड भागात बचत गटांचं सहा वर्षांचं काम. आता संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या पाचव्या ध्येयावर, म्हणजे लिंगभाव समानतेवर, बाहेरच्या संस्थेत काम करायचंय. त्यासाठी इंग्लंडात एक वर्षाचं एमए करावं की थेट संयुक्त राष्ट्रांत अर्ज टाकावेत? नवरा आयटीत, मुलगी चार वर्षांची.

आधी नको असलेली बातमी. या क्षेत्रातला पैसा आटलाय. अमेरिकेची परदेशी मदत संस्था यूएसएड १ जुलै २०२५ला अधिकृतपणे बंद झाली. ब्रिटनने परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७पर्यंत ०.३वर आणायचं जाहीर केलंय. २०१४ला स्त्रीवादी परराष्ट्र धोरण आणणारा पहिला देश स्वीडन, त्यानेही २०२२ला ते सोडलं. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेली माणसंही आज खालच्या पदांना अर्ज करताहेत, आणि नवी कोरी एमए घेऊन तुम्ही त्याच रांगेत उभ्या राहणार. ऐरोलीचा फ्लॅट गहाण ठेवून हा जुगार खेळू नका.

इंग्लंडची दुसरी अडचण घरातली आहे. १ जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी नवरा-मुलांना व्हिसा मिळत नाही. पीएचडी, संशोधनाधारित कोर्स किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच मिळतो. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला वर्षभर मागे ठेवायचं. शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा दोन वर्षांचा व्हिसा, ग्रॅज्युएट रूट, तोही १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा होतोय. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतरचे २,८०० तास काम लागतं, ते तुमच्याकडे भरपूर आहे. पण शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात परतायची अट आहे. स्थायिक व्हायचं असेल तर तो रस्ता नाहीच. परत येऊन दिल्लीत मोठ्या पदावर जायचं असेल तर मात्र उत्तम.

शिकायचंच असेल तर नेदरलँड्सचा विचार करा. हेगमधली इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज विकास अभ्यासासाठीच ओळखली जाते, कुटुंबालाही सोबत नेता येतं, आणि पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही एक वर्षाचा ‘झूकयार’, म्हणजे नोकरी शोधण्याचा परवाना मागता येतो. त्या वर्षात कुठलंही काम करायला मोकळीक असते.

आता संयुक्त राष्ट्रं. तिथल्या आंतरराष्ट्रीय पदांच्या श्रेणी पी-१, पी-२ अशा चढत जातात. पी-२ पदाला मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव, पी-३ला पाच, पी-४ला सात. तुमची एमएसडब्ल्यू मास्टर्समध्ये धरली जाते, त्यामुळे कागदावर तुम्ही पी-३ला बसता. तरी पहिलाच अर्ज तिथे टाकून वर्ष घालवू नका. तरुणांच्या भरतीसाठीच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामची वयोमर्यादा ३२, ती गेली. जेपीओ, म्हणजे ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर, पदांचे पैसे देणगीदार देश देतात, आणि बहुतेक स्वतःच्याच नागरिकांसाठी. उरतात दोन खरी दारं. एक, संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक योजना. तिचं मुख्यालय बॉनला आहे; मानधन मिळतं आणि नेमणूक स्वतःच्या देशाबाहेर होते. दुसरं, दिल्लीतली राष्ट्रीय (नॅशनल ऑफिसर) पदं, एनओ-ए, एनओ-बी वगैरे. ती फक्त भारतीय नागरिकांना मिळतात, म्हणून स्पर्धा आटोक्यातली. तिथून बँकॉकच्या प्रादेशिक कार्यालयाकडे किंवा नैरोबीला सरकता येतं. ऐरोली ते दिल्ली ही बदली ‘परदेश’ वाटत नाही, हे कळतं. पण जिनिव्हाला जाण्याचा तो जवळचा रस्ता आहे.

कन्सल्टंटच्या कंत्राटाला भुलू नका. रोजचा दर डोळे दिपवतो, पण पेन्शन नाही, कंत्राट महिन्यांच्या हिशेबात, आणि त्याच्या जोरावर कुटुंबाचा व्हिसा होईल हे गृहीत धरता येत नाही. पूर्ण कर्मचारी म्हणून न्यूयॉर्कला गेलात तर जी-४ व्हिसा असतो. त्यावर नवऱ्याला काम करता येतं, पण आधी आय-५६६ फॉर्म संस्थेमार्फत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे जातो आणि मग वर्क परमिट निघतं. जिनिव्हात जोडीदाराला काम करण्यासाठी सीआय परवाना मिळतो; आयटीवाल्याला तो जास्त सोयीचा.

तुमच्या हातातलं खरं भांडवल मात्र तुमच्या सीव्हीत दिसतच नाही. तुम्ही लिहिलंय, ‘४० गटांना प्रशिक्षण दिले.’ निवड समिती हे वाचून पुढे सरकते, कारण प्रशिक्षण देणं ही कृती झाली, बदल नव्हे. पाचव्या ध्येयाखाली ९ लक्ष्यं आणि ती मोजायचे १४ निर्देशक आहेत. आपलं काम त्यातल्या कोणत्याला लागतं ते शोधा. मुरबाडच्या महिला सरपंचांबरोबर बसला असाल तर तो ५.५.१चा, म्हणजे निवडून आलेल्या जागांमधल्या बायकांच्या वाट्याचा, स्थानिक स्वराज्य संस्थांचा भाग. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यामुळे नुसता आकडा चांगलाच येतो. सभेत ठराव कोण मांडतं हे तुम्हाला ठाऊक आहे, ते लिहा. शहापूरला सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला मदत केली असेल तर ते ५.अ.१, म्हणजे शेतजमिनीवरचा बायकांचा हक्क. आधी किती, नंतर किती, मोजलं कसं, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक ओळीत हव्यात.

मुलाखतीत हमखास येणारा निर्देशक म्हणजे ५.४.१: बिनपगारी घरकामात आणि सांभाळात दिवसाचा किती टक्के वेळ जातो. भारताच्या २०१९च्या वेळ वापर सर्वेक्षणात बायकांची बिनपगारी घरकामाची दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७, हा आकडा सगळे फेकतात. ही फक्त ते काम करणाऱ्यांची सरासरी आहे. घरकाम केलेल्या बायका ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के होते. गुणाकार करा: सगळ्या बायकांमागे सुमारे २४३ मिनिटं, सगळ्या पुरुषांमागे जेमतेम २५. तिप्पट वाटणारी दरी जवळजवळ दसपट निघते. २०२४च्या फेरीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले, आणि ‘बायकांची दहा मिनिटं वाचली’ अशा बातम्या आल्या. पुरुषांचीही नऊ कमी झाली, ते कुणी फारसं बोललं नाही.

त्याहून आतली गोष्ट अशी. ज्या पाड्यांवर तुम्ही फिरलात तिथे भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. तो हंडा भरण्याचा वेळ ५.४.१मध्ये येत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात घरासाठी पाणी आणणं हे ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तू उत्पादन’ या दुसऱ्या विभागात पडतं, आणि निर्देशक तिसरा आणि चौथा विभागच मोजतो. शिवाय आपल्या सर्वेक्षणाची डायरी पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ अशी, अर्ध्या-अर्ध्या तासाची. कडेवर मूल घेऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईचं त्या अर्ध्या तासातलं मुख्य काम भाकरी ठरलं, की मुख्य कामांच्याच बेरजेतून मूल सांभाळणं गळतं. हे समजावून सांगणारा उमेदवार लंडनच्या एमएवाल्यांत क्वचित सापडतो. तुमच्याकडे गटांच्या वह्या आहेत. दोन पाड्यांतल्या वीस-पंचवीस बायकांचं एका दिवसाचं वेळापत्रक त्यांची संमती घेऊन, नावं काढून, नीट तक्त्यात मांडा आणि चार पानं इंग्रजीत लिहा. अर्जाबरोबर लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा हेच द्या.

भाषेचं एवढंच: जिनिव्हा आणि पश्चिम आफ्रिकेसाठी फ्रेंच लागते, बी१ तरी. आजपासून धरा.

शेवटी कागद, आणि समानतेच्या क्षेत्रात जाताना बाईचा जीव इथेच जातो. तुमची पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर ठरवा एकच नाव आणि पासपोर्टवर तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. माहेरचं नाव ठेवून जोडीदाराचं नाव घालता येतं, विवाह प्रमाणपत्र जोडलं की झालं. ‘सीमा प्रकाश पाटील’मधला प्रकाश वडील की नवरा, हा प्रश्न तिकडच्या माणसाला पडत नाही, त्याला फक्त दोन कागदांवर दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र, मुलीचा जन्मदाखला आणि पदवी यांवर आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), हा क्रम उलटा होत नाही. मुलीला घेऊन तुम्ही आधी निघणार असाल तर वडिलांचं सहीचं संमतीपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. नेदरलँड्सच्या सीमेवर विचारतात.

पोलीस क्लिअरन्सचा, म्हणजे गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा, अर्ज वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात द्यायचा असला तरी फॉर्म भरताना जपा. ऐरोली जिल्ह्याने ठाणे, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आणि पोलीस ठाणं रबाळेचं. जिल्हा बघून ठाणे आयुक्तालय निवडलं की फाइल भलत्याच पोलीस ठाण्यात जाऊन परत येते. गेल्या वर्षात कळव्याला भाड्याने राहिला असाल तर तो पत्ताही घाला, लपवू नका. तिथली पडताळणी वेगळी होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज ऑफर लेटर आल्याच्या दिवशीच टाका.