जुना हँडहेल्ड जीपीएस वीज नसलेल्या भागात आठवडाभर कसा चालवावा?

तुमच्याकडे बऱ्याच वर्षांपूर्वीचा गार्मिन इट्रेक्स २० आहे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या बाजूला सामूहिक वनहक्काची, म्हणजे कायद्याने गावाच्या जंगलावर मिळणाऱ्या हक्काच्या दाव्याची, हद्द मोजायला ग्रामसभेबरोबर आठवडाभर फिरायचंय, विजेचा भरवसा नाही. हाच न्यावा की नवा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

हाच न्या. त्यात साधे दोन पेन्सिल सेल पडतात, हीच त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. आतच बॅटरी बसवलेलं यंत्र रानात संपलं की खिशात टाकून परत फिरायचं. याचे सेल चालता चालता बदलता येतात. मी याच कामासाठी त्या भागात जुनी यंत्रं वापरतो, आणि अडतं ते बहुतेक वेळा सेलपाशी.

गावातल्या किराणा दुकानात मिळणारे सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी असतात, कार्बन-झिंकचे. घड्याळाला थेंबभर वीज पुरते, जीपीएसला सतत घोट लागतो. सकाळी घातलेली जोडी जेवणाच्या सुमाराला मान टाकते. त्यांच्या भरवशावर जाऊ नका. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, तेही पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवणारे, म्हणजे एनेलूपच्या जातीचे. जुन्या धाटणीचे साधे रिचार्जेबल सेल उन्हाळ्यात डब्यात नुसते ठेवले तरी उतरतात, आणि तुमचं काम बहुतेक उन्हाळ्यातच निघेल.

कंपनी या यंत्राला २५ तास सांगते. वापरलेल्या सेलवर मी १५ धरतो. हद्दीचा ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची सलग नोंद, हवा असल्यामुळे यंत्र दिवसभर चालू राहणार, म्हणजे ७-८ तास. एक जोडी दोन दिवस. आठवड्याला चार जोड्या आणि वर एक. जोड्यांवर मार्करने अ-अ, ब-ब असं लिहा आणि फोडू नका; एक ताजा आणि एक थकलेला सेल एकत्र घातला की थकलेला दोघांना घेऊन बुडतो. डब्यात भरलेले सेल टोक वर करून आणि वापरलेले उलटे ठेवा. संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात शोधाशोध करावी लागत नाही.

सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलायला विसरू नका. यंत्र अल्कलाइनवर ठेवून रिचार्जेबल घातले तर चिन्ह लवकरच अर्ध्यावर येतं आणि तिथेच रेंगाळतं, कारण या सेलचा दाब मुळातच १.२ व्होल्ट असतो, अल्कलाइनचा १.५. त्याच यादीत लिथियम असंही लिहिलेलं दिसेल. ते एकदाच वापरायच्या १.५ व्होल्टच्या सेलसाठी आहे. महाग, पण हलके, वर्षानुवर्षं टिकणारे. एक सीलबंद जोडी अडीअडचणीला जरूर ठेवा. मात्र ऑनलाइन '१४५००' नावाचे अगदी याच मापाचे रिचार्जेबल लिथियम-आयन सेल मिळतात, ते ३.७ व्होल्टचे असतात. दोन घातले की सातच्या वर व्होल्ट, आणि यंत्र जळण्याचीच शक्यता जास्त.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा ओळखणारा आणि यूएसबीवर चालणारा घ्या. सोलर प्लेट सॅकच्या पाठीला बांधून फिरणारे लोक पाहिलेत. झाडीत त्यातून काही हाती लागत नाही. प्लेट कुणाच्या तरी अंगणात ठेवा, दिवसभर पॉवर बँक भरा आणि रात्री पॉवर बँकेवरून सेल. सेल थेट प्लेटवर लावले तर ढग आला की चार्जर बंद, पुन्हा पहिल्यापासून सुरू. शिवाय भर उन्हात तापलेला सेल नीट चार्ज होत नाही.

पॉवर बँकेवरून यंत्र थेटही चालतं, पण त्याने आतले सेल चार्ज होत नाहीत. वायर मिनी-यूएसबी लागते, ती आता तालुक्याच्या दुकानातही मिळेलच असं नाही; दोन न्या. जोडल्यावर यंत्र स्वतःला कॉम्प्युटरला लागलेलं समजून नकाशा बंद करतं. सेटिंगमधल्या सिस्टिममध्ये इंटरफेस, म्हणजे यूएसबी जोडणीचा प्रकार, 'गार्मिन स्पॅनर' करून ठेवलात तर ते आधी विचारतं, तेव्हा नको म्हणायचं. पण मागचं रबरी झाकण उघडं राहतं, म्हणून मी हा उपाय मुक्कामावरच करतो.

निघण्याआधी घरी सेलचा कप्पा उघडून पाहा. पट्टीवर पांढरी भुकटी असेल तर जुना अल्कलाइन सेल गळलाय. इअरबड व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून पुसा, मग स्पिरिटने, आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग दबली असेल तर अलगद ओढून वर घ्या; मोटरसायकलवर यंत्र मधूनच बंद पडतं त्याचं कारण बहुधा तेच असतं. रबर सुटलं असेल तर पाण्यापासून बचावाचा कंपनीचा दावा विसरा आणि प्लास्टिकची पिशवी वापरा.

बरेच महिने पडून असेल तर पहिल्यांदा उघड्या मैदानात वीसेक मिनिटं चालू ठेवून बसा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. काही जुनी यंत्रं तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतात. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, अलीकडे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आला. जागा बरोबर येत असते, तारीख तेवढी वहीत लिहायची.

बॅकलाइट बंद ठेवा. ग्लोनास, म्हणजे जीपीएसच्या जोडीला रशियाचे उपग्रह वापरायची सोय, हीही बंद केली तर सेल वाचतात, पण नाल्यात आणि बांबूच्या दाट बेटात मी ती चालूच ठेवतो. वाचलेल्या तासापेक्षा हद्दीचा बिंदू महत्त्वाचा.

रोज संध्याकाळी महत्त्वाचे बिंदू वहीत उतरवा, ग्रामसभेतल्या कुणाकडून तरी आकडे मोठ्याने वाचून घेत. आकडे कुठल्या मोजपद्धतीतले आहेत, म्हणजे डेटम (मोजणीचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम (मीटरमधली नकाशाची चौकट) झोन ४४ आहे ना, तेही त्याच पानावर लिहा. यंत्र रीसेट झालं किंवा नदीत पडलं तर दावा त्या वहीवरून पुढे नेता येतो.